गज किती बाहेर राहतो

आमच्या घरी बंदूक होती म्हटलं की शाळेतले सहकारी माझ्याकडे निराळ्या नजरेनं बघतात. त्यांना वाटतं, मालगुजाराचं, जमीनदाराचं घराणं असेल. तसं काही नव्हतं. भंडारा जिल्ह्यात, कोंढ्याच्या बाजूला, जंगलाला लागून आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं आहेत. रानडुकरांचा कळप एकदा आत शिरला की लोंबीवर आलेलं धान सकाळपर्यंत चिखलात लोळवून जातो. म्हणून आजोबांनी पीक संरक्षणाच्या परवान्यावर एक भरमार बंदूक घेतली होती. डुक्कर मारण्यापेक्षा हवेत बार काढून त्यांना पळवणं, एवढंच तिचं काम.

भरमार म्हणजे काय, ते सांगायला हवं. तिच्यात काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी बारूद ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा. प्रत्येक थर लोखंडी गजानं ठासायचा. मग मागे घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवली की बंदूक तयार. हे सगळं अंधारात करता येत नाही. म्हणून जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला जाणारा माणूस दिवस मावळायच्या आत बंदूक भरून मचाणावर चढतो. त्या रात्री डुकरं आलीच नाहीत तर सकाळी टोपी काढून खिशात ठेवायची आणि बंदूक घरी आणून खुंटीला लटकवायची. आतलं सगळं आतच, पुढच्या जागलीपर्यंत. ते बाहेर काढायची एकच रीत आम्हाला ठाऊक होती, ती म्हणजे बार काढणं.

बाबांनी माझ्या मोठ्या भावाला, दादाला, बंदूक शिकवली. शिकवली म्हणजे काय, तर दस्ता खांद्याला घट्ट लाव, डोळा मिटू नको, बार झाल्यावर मागे पडू नको. दादानं पहिला बार काढला त्या दिवशी घरी गूळ वाटला होता. मीही हात पुढे केला तेव्हा बाबा म्हणाले, "तू पुस्तक धर. एका घरात एक बंदूक पुरे."

मी पुस्तक धरलं, ते दादामुळे. बाबांना दम्यानं गाठलं तेव्हा दादा दहावी झालेला होता. त्यानं शाळा सोडून नांगर धरला आणि मला पवनीला आणि नंतर भंडाऱ्याला शिकायला ठेवलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. निकाल घेऊन घरी गेलो तेव्हा दादा बांधीत होता. चिखलाचे हात पाठीमागे धरून त्यानं नुसत्या डोळ्यांनी तो कागद वाचला. "वल्ला होईन," म्हणाला, "तूच धर." पुढे मी शाळेत लागलो तसा तो मला सगळ्यांसमोर 'गुरुजी' म्हणू लागला, आणि त्यात चेष्टा किती आणि अभिमान किती हे मला कधी वेगळं करता आलं नाही.

बाबा गेल्यावर परवाना वारसाहक्कानं दादाच्या नावावर झाला. बंदूक तपासली गेली, तिच्यावरचा आकडा ताडून पाहिला गेला. ती चालवता येते का, हे कोणी विचारलं नाही. विचारावं असं आमच्याही मनात आलं नाही. बापाच्या हातून आलेली वस्तू, ती चालवता न यायला काय झालं?

धुऱ्यापलीकडची, म्हणजे शेताच्या बांधापलीकडची बांधी काकांची, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची. त्यांच्याकडे परवाना नव्हता. मचाण दोघांत एकच होतं आणि जागलही वाटून होती. एक दिवस दादा, एक दिवस काका. परवाना एकाचा आणि बंदूक दोघांची, हे कायद्यात बसत नव्हतं. पण एका धुऱ्यावरच्या दोन भावांच्या घरांत कोण कायदा बघतो? डुकरांनी कधी बघितला नाही.

आमच्या घरची एक रीत होती. घट बसले की बंदुकीचा बार काढायचा नाही. नवरात्रभर तिला आराम. दसऱ्याला तिला तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि दुपार कलली की गावाच्या शिवेवर नेऊन मानाचा बार काढायचा. त्या बारात छर्रे नसत, नुसती बारूद आणि बोळा. बार झाला की लोक सोनं लुटायला आपट्याकडे धावत. आजोबांच्या वेळेपासून हे असंच चालत आलं होतं आणि आमच्या गरीब घराला गावात जो काही मान होता तो वर्षातला तेवढाच. दादा त्या दिवशी बारुदीचं माप जरा सढळ घ्यायचा. आवाज आसगावपर्यंत गेला पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

त्या दसऱ्याला मी गावीच होतो. दादानं नवा सदरा घातला होता. वहिनीनं बंदुकीला ओवाळलं आणि मग दादालाही. तो लाजला. शिवेवर पोरंटोरं, बाया, म्हातारे जमले होते. दादानं बारूद ओतली, बोळा ठासला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, तुमी कान झाका. शिकलेल्या मानसाचे कान नाजूक रायतात."

लोक हसले. मी खरंच कानांवर हात ठेवले.

आवाज नेहमीसारखा नव्हता. बार लांब जातो, हा तिथल्या तिथेच फुटला. धूर विरला तेव्हा नळी मधोमध फाटून केळीच्या सालीसारखी उलटलेली होती आणि दादा गुडघ्यांवर बसला होता, मानेला हात लावून. पुढचं मला सलग आठवत नाही. कोणाची तरी जीप आली. माझ्या मांडीवर त्याचं डोकं होतं. तो काही बोलायचा प्रयत्न करत होता, पण शब्द होत नव्हते. भंडारा यायच्या आधीच त्याचा हात माझ्या हातात जड झाला.

संध्याकाळी ओसरीवर माणसं बसली होती. कोणी म्हणालं, बारूद खराब असेल. कोणी म्हणालं, नळी जुनी झाली होती. तेव्हा काका खांबाला धरून उभे राहिले.

"म्या भरली होती," ते म्हणाले. "सर्वपित्रीच्या आमावस्येले. माही जागल होती. डुकरं आलेच नाही. सकाळी टोपी काढली न आनून टांगली. मंग घट बसले." सगळ्यांकडे एकेकदा बघून त्यांनी विचारलं, "टोपी काढली म्हनजे बंदूक मेली, असंच ना आपलं?"

 तिथे बसलेल्या प्रत्येकाची समजूत तीच होती. आत छर्र्यांसकट एक अख्खा बार नऊ दिवस बसून होता आणि दादानं त्याच्यावर दसऱ्याचा बार ठासला होता. पोलिसांसमोरही काकांनी एक शब्द न फिरवता हेच सांगितलं. फुटलेली बंदूक जप्त झाली. चौकशी झाली, अपघात म्हणून ती मिटली.

वहिनीसाठी मात्र ती मिटली नाही. तिनं काकांना शिवी दिली नाही, शापही दिला नाही. फक्त बोलणं सोडलं. काका अंगणात आले की ती हातातलं काम घेऊन घरात जायची. चुलीवर चहा असला तरी त्यांच्यासाठी कप निघायचा नाही. काही दिवसांनी काकांनी येणंच बंद केलं. मध्ये पडणारा मी कोण? एकीकडे माझ्या भावाची बायको, जिनं मला वसतिगृहावर पाठवायच्या डब्यासाठी पहाटे उठून भाकरी थापल्या. दुसरीकडे ज्यांच्या खांद्यावर बसून मी पहिली मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा पाहिली ते काका. सुट्टीत गावी गेलो की मी आधी एका घरी आणि मग दुसऱ्या घरी जेवायचो. 

पुढच्या वर्षी धान लोंबीवर आलं आणि डुकरांना अडवायला ना बंदूक उरली, ना जागल. वहिनी आणि काकू दिवसा डबे वाजवायच्या. रात्री कळप यायचा. दोन्ही घरांचं अर्ध्याहून जास्त पीक गेलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकांनी ठरवलं की आपल्या नावावर परवाना काढायचा. पण मचाण वहिनीच्या धुऱ्यावर होतं आणि तिच्या होकाराशिवाय त्यांना तिथे पाय ठेवायचा नव्हता. मी गावी गेलो तेव्हा ते मला घेऊन आमच्या फाटकापर्यंत आले आणि बाहेरच उभे राहिले.

"तिले इचार गा बाबू," ते मला म्हणाले, "बंदूक आनली तं चालन काय?"

विचारायची गरजच पडली नाही. वहिनी दारात होती. काकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती माझ्याशी बोलली.

"भाऊजी, काकाजीले सांगा, आधी शिकून या म्हना. शिकवनाऱ्यापासून. घरच्यापासून नाही."

काका फाटकाबाहेरून मलाच म्हणाले, "तिले सांग, म्या चाळीस वर्स बंदूक चालवली. आता म्हातारपनी कोनाच्या शाळेत नाव टाकू?"

"ह्याह्यनं बी चालवलीच होती," वहिनी दादाबद्दल म्हणाली. "भाऊजी, सांगा त्याह्यले. शिकून आले तं बंदूक माह्या धुऱ्यावर येईन. नाही तं माहं धान मी डुकराले देतो. डुकरं तरी पोट भरून जातीन."

ती आत गेली. काका फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "कुठी शिकवते बे हे?"

नव्या परवान्याला आता प्रशिक्षणाचा दाखला लागतो हे मी ऐकलं होतं. चौकशी केली. आमच्या जवळपास तशी सोय सापडली नाही. नागपूरच्या बाहेर एका ठिकाणी शिकवतात असं कळलं. मी रजा टाकली आणि काकांना घेऊन पहाटेच्या गाडीनं निघालो. त्यांनी लग्नकार्याला घालायचा पांढरा सदरा घातला होता आणि खांद्यावर धुतलेला दुपट्टा होता.

तिथे आलेले बाकीचे लोक आमच्यासारखे नव्हते. एक सराफ होते, दोन-तीन बँकेचे पहारेकरी होते, आणि काळा चष्मा लावलेला एक ठेकेदार होता. ठेकेदारानं काकांकडे बघून विचारलं, "काका, तुमी कोनाले उडवाले निघाले?"

"डुकरं," काका म्हणाले. "न तुमी?"

"आमची आत्मरक्षा."

"म्हनजे तुमच्याकडं बी येतेच."

सगळे हसले, ठेकेदारही हसला. काकांच्या चेहऱ्यावर दसऱ्यानंतर पहिल्यांदा मी थोडी ऊब पाहिली.

शिकवणारे फौजेतून निवृत्त झालेले होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "बंदूक खाली है, ऐसा जो बोलता है ना, उस आदमी से दूर रहो." मग त्यांनी पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, बारा बोरची दुनाळी अशी एकेक वस्तू हातात घेऊन ती उघडून आत कसं बघायचं ते दाखवलं. काका पुढे सरकून ऐकत होते. शेवटी त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"साहेब, हे तं उघडतेत. भरमार उघडत नाही. तिच्यातलं कसं दिसन?"

उस्तादांनी कपाटातून एक जुनी भरमार काढली. रिकाम्या नळीत त्यांनी गज सोडला. तो तळाला टेकल्याचा टणक आवाज आला. गज जिथे नळीच्या तोंडाशी आला तिथे त्यांनी खडूनं खूण केली. मग गज काढून त्यांनी आत थोडी रेती आणि चिंधी टाकली आणि गज पुन्हा सोडला. या वेळी आवाज मऊ आला आणि खडूची खूण नळीच्या तोंडापासून चार बोटं वर राहिली.

"भरी है," उस्ताद म्हणाले. "बस. हाथ में लेते ही पहले ये देखो, चाहे अपने बाप ने दी हो." मग गजाच्या टोकाला स्क्रूसारखा पेच लावून त्यांनी चिंधीचा बोळा फिरवत फिरवत बाहेर ओढला आणि नळी उलटी करून रेती ओतून टाकली. बार न काढता बंदूक रिकामी झाली.

काकांनी विचारलं, "एवढंच?"

"इतना ही, काका."

काका मागे सरकले आणि भिंतीला टेकून खाली बसले. ठेकेदारानं त्यांना पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, उन्हाचा त्रास झाला. मी त्यांच्या शेजारी बसलो. मीही त्या चार बोटांकडेच बघत होतो. दादाच्या हातातला गज माझ्या डोळ्यांसमोर होता. बोळा ठासताना तोही इतकाच जास्त बाहेर राहिला असेल. पण आमच्या गजावर खूण नव्हती, आणि ती असावी हे आजोबांपासून कोणालाच माहीत नव्हतं.

दुपारच्या नेमबाजीच्या चाचणीत काका चुकले नाहीत. त्यांना दाखला मिळाला. त्यांनी तो न बघता माझ्याकडे दिला.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. बराच रस्ता मागे गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुह्या आजोबानं आमाले काहून नाही सांगतलं बे?" मी काही म्हणायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं. "त्याले तरी कोनं सांगतलं होतं?"

बंदूक बाळगणाऱ्याला शिकण्याची सक्ती असावी का, असा विषय पुढे एकदा आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत निघाला होता. एक सहकारी म्हणाले, शेतकऱ्याच्या मागे आणखी एक हेलपाटा लावू नका. ते चुकीचं बोलत नव्हते. काढणीच्या तोंडावर दिवस मोडून नागपूरला जाणं सगळ्यांना जमत नाही. आणि बंदूक मिळणं फारच अवघड झालं तर लोक धुऱ्यावर विजेची जिवंत तार ओढतात. त्या तारेला डुकरासोबत माणूसही चिकटतो. हे मला माहीत आहे. तरीही मी सक्तीच्या बाजूनं बोललो. म्हणालो, सक्ती करा, पण शिकवणारा माणूस तालुक्याच्या गावी पाठवा, आणि ज्यांच्या घरी बंदूक बापाकडून आली त्यांना सगळ्यात आधी शिकवा, कारण आपल्याला येतं असं त्यांनाच वाटत असतं. मला शिकवायला या समाजानं केवढी माणसं लावली. शाळा दिली, वसतिगृह दिलं, शिष्यवृत्ती दिली. त्या उपकारांची मला जाण आहे. माझ्या भावाच्या हातात मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून एक बंदूक दिली आणि डोळा मिटू नको, एवढंच सांगितलं. हे सगळं मी त्या दिवशी बोललो नाही. अर्धंच बोललो आणि तासाची घंटा झाली.

नागपूरहून गावी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. काका आपल्या घरी न जाता सरळ आमच्या फाटकाशी गेले. या वेळी ते थांबले नाहीत, आत आले. वहिनी अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. ती उठणार, तेवढ्यात काका म्हणाले, "सूनबाई, शिकून आलो."

ती उठता उठता थांबली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"काय शिकवलं?"

काकांनी हातांनी सांगायचा प्रयत्न केला. नळी अशी, गज असा, खूण इथे. तिला कळेना. मग ती आत गेली आणि चुलीजवळची लोखंडी फुकणी आणि वातींसाठी ठेवलेली चिंधी घेऊन आली. झाडूची एक जाड काडी तिनं मोडून घेतली. काकांनी फुकणीचं खालचं तोंड तळहातानं दाबून धरलं. वहिनीनं काडी आत सोडली आणि जिथपर्यंत ती गेली तिथे नखानं खूण केली. मग तिनं चिंधीचा बोळा आत दाबला आणि काडी पुन्हा सोडली. नखाची खूण वर राहिली. तिनं बोटं लावून मोजलं.

"एवढाच फरक?"

"एवढाच."

"न हे पायलं असतं तं?"

 फुकणीखाली धरलेला त्यांचा हात तसाच होता. वहिनीनं काडी काढली, पुन्हा सोडली, पुन्हा बघितलं.  मग तिनं पदर तोंडात धरला आणि ती रडली. दादाच्या मरणालाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा बायांनी तिला धरलेलं होतं. इथे तिला धरायला कोणी पुढे झालं नाही. काका समोर बसूनच होते आणि त्यांच्या दाढीतून पाणी खाली गळत होतं.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "आना बंदूक," ती म्हणाली. "म्या शब्द देल्ला होता."

"आता माह्यानं होनार नाही, सूनबाई."

"धान जाईन."

"जाईन," काका म्हणाले. "पर आता मले ते हातात धरवत नाही. म्या शिकलो तं ते कोनासाठी शिकलो, हेच समजून नाही राह्यलं."

वहिनी सूप उचलून आत गेली. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. थोड्या वेळानं ती तीन कप चहा घेऊन बाहेर आली. आम्ही तिघांनी तो अंगणातच घेतला.

काकांनी अर्ज केला नाही. त्या पावसाळ्यानंतर धान लोंबीवर आलं तेव्हा त्यांनी वहिनीच्या धुऱ्यावरचं मचाण नव्यानं बांधलं आणि एक रिकामा तेलाचा डबा आणि काठी घेऊन ते जागलीला बसू लागले. त्यांचं जेवण आमच्या घरून जायचं. डबा वाजवला की डुकरं सुरुवातीला पळायची, नंतर त्यांना सवय झाली. कापणीच्या आधी मी गावी गेलो तेव्हा सकाळी वहिनीसोबत शेतावर गेलो. दोन बांध्या पार लोळवल्या होत्या. काका मचाणावरून उतरून धुऱ्यावर उभे होते, मान खाली घालून. वहिनीनं चिखलात पाय टाकला, उभं राहिलेलं धान कुठून कुठपर्यंत आहे ते बघितलं आणि विळा कमरेचा काढला.

"या काकाजी," ती म्हणाली, "उरलं तेवढं कापून घेऊ."